थंडी, गीझर आणि ती बंद खिडकी

दिवाळीचा फराळ संपला, की पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅट्समध्ये एक ठरलेला सीझन सुरू होतो. कपाटातून जॅकेट निघतं, पंखा बंद होतो आणि सकाळी सात वाजता बाथरूमबाहेर तीन फ्लॅटमेट्सची लाइन लागते. आणखी एक काम कुणीतरी गुपचूप उरकतं. बाथरूमच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर पेपर चिकटवतं. गार वारा येतो ना!

मंडळी, आजचा कॉलम त्या पेपरबद्दल आहे.

भाड्याच्या घरांत गॅस गीझर भरपूर. झटपट तापतो, लाइट गेली तरी चालतो, तिसऱ्या नंबरवाल्यालाही गरम पाणी मिळतं. पण छोट्या बंद बाथरूममध्ये बर्नर पेटला की तिथला ऑक्सिजन कमी होत जातो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर लीक झाला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. इथे तशी सोय नाही. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं. आपण म्हणतो, 'काल जागरण झालं' किंवा 'पित्त झालं असेल'. त्यात कडी आतून. बाहेरच्यांना वाटतं, साहेब निवांत आंघोळ करतायत!

म्हणून तो पेपर आजच काढा. एक्झॉस्टच्या भोकात कोंबलेलं फडकंही. गॅस गीझर बाथरूममध्ये नकोच, त्याची जागा ड्राय बाल्कनीत. तिथून पाइपनं पाणी आत आणता येतं. तो हलेपर्यंत एकच नियम : दार उघडं ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, मगच आंघोळ. शॉवरखाली गाणी म्हणायची हौस उन्हाळ्यात भागवा. आंघोळ फार लांबली तर बाहेरच्यानं दार वाजवायचं, आतल्यानं चिडायचं नाही. आतून उत्तर आलंच नाही तर दार उघडायचं, नाहीच उघडलं तर तोडायचं. गॅस बंद, खिडक्या उघड्या, माणूस मोकळ्या हवेत आणि लगेच 108 ला फोन. रात्री खोली उबदार व्हावी म्हणून आत आणलेली कोळशाची शेगडीही हाच वायू सोडते, हेही लक्षात असू द्या.

इलेक्ट्रिक गीझरवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. त्याचा प्लग पंधरा-सोळा अँपिअरच्या पॉइंटलाच हवा, एक्स्टेन्शन बोर्डला नाही. अर्थिंग आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. मेन बोर्डवर ईएलसीबी किंवा आरसीसीबी असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा, खटका पडला पाहिजे. पडला नाही तर इलेक्ट्रिशियन बोलवा. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब-थेंब गळलं तर तिथे बूच मारू नका. आतलं प्रेशर तिथूनच सुटतं. बोअरिंगचं जड पाणी असेल तर कॉइलवर क्षार बसतात, पाणी उशिरा तापतं आणि बिल वाढतं. सीझनआधी एक सर्व्हिसिंग करून घ्या. आणि बादलीत रॉड टाकणाऱ्यांनो, बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही!

आता खरा प्रश्न. पैसे कोण देणार? 'मी का करू, घर थोडंच माझं आहे?' असं भाडेकरू म्हणतो. 'वापरतो कोण?' असं ओनर म्हणतो. या वादात अख्खा डिसेंबर जातो आणि गीझर तसाच राहतो. केंद्रानं 2021 मध्ये राज्यांसाठी जो आदर्श भाडेकरू कायदा काढला, त्याच्या यादीत गरजेनुसार वायरिंग आणि पाइप बदलणं मालकाकडे आहे, गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे. तो फक्त नमुना आहे. तुम्ही सही केलेल्या लीव्ह अँड लायसन्समध्ये काय लिहिलंय, ते आधी बघा. काहीच नसेल तर मालकांना साधा मेसेज टाका : 'काका, थंडीआधी गीझर आणि अर्थिंग चेक करून घेऊया. शनिवारी माणूस बोलावतो. खर्चाचं कसं करायचं?' बहुतेक काका तयार होतात. शेवटी फ्लॅट त्यांचा आहे.

आणि नाहीच झाले तर? तिघांत वाटून घ्या. एका वीकएंडच्या पार्टीला यापेक्षा जास्त उडतात. डिपॉझिट आज ना उद्या परत मिळतं, रूममेट नाही.