उन्हातला कॅमेरा आणि आपली जबाबदारी

एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. पुणे-सातारा महामार्गावरील किकवीसारख्या गावांत भर दुपारी निकाह होतात. आम्ही कापडवालेही मालाचे फोटो दुपारीच काढून घेतो. बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच वापरण्याजोगे असतात. उन्हात उभ्या बंद गाडीत पारा ५० च्या पुढे जातो. बॅटरी फुगू शकते, कॅमेरा ऐन वेळी बंद पडतो. फोटोग्राफरची सारी रोजी त्या एका बॅगेत असते.

म्हणून यजमान व व्यापारी बांधवांनी त्याला सावलीची जागा द्यावी. मालाचे फोटो सकाळी उरकावेत; त्या उजेडात कापडाचा रंगही खरा उतरतो. काळी बॅग ऊन शोषते, तिच्यावर पांढरे सुती कापड टाकावे. मजुरीत आपण घासाघीस करतो. सावलीला तर पैसेही पडत नाहीत.