हाय म्हणजे हजर

२०२३ च्या एप्रिलमध्ये मुलाकडे तोक्योला गेलो होतो. निशिकासाई हा त्याचा भाग. भारतीयांची तिथे चांगली वस्ती आहे. नातू तिथल्याच शाळेत दुसरीत. एका संध्याकाळी तो मित्राशी फोनवर बोलत होता. दहा मिनिटांत त्याच्या तोंडून 'उन', 'उन', 'सोऽ', पुन्हा 'उन' याखेरीज फारसे काही निघाले नाही. फोन ठेवल्यावर मी म्हटले, ''काय रे, सगळ्यालाच हो म्हणालास?''

''नाही आजोबा, मी फक्त ऐकत होतो. उद्याचं अजून ठरायचंय!''

आयुष्याची ३५ वर्षे बँकेत गेलेल्या माणसाला हे पचणे कठीण. आमच्याकडे 'हो' म्हणजे कागदावर सही. जपानीत मात्र ऐकल्याची पोच वेगळी आणि मान्यता वेगळी. शाळेत हजेरी घेताना मुले 'हाय' म्हणतात, तेच 'हाय' मोठेपणी 'हो' म्हणून वापरतात. आपल्या खेड्यातला माणूस 'हाय की इथंच' म्हणतो, तसेच काहीसे. मी हजर आहे, बोला. मित्रामित्रांत त्याचेच 'उन' होते. या हुंकारांना तिथे 'आइझुची' म्हणतात. शब्द लोहारकामातला. ऐरणीवर एकाचा घाव पडला की समोरच्याने आळीपाळीने आपला घाव घालायचा, ती ही साथ. ती थांबली तर बोलणारा गोंधळतो.

खरी संमती पुढे येते. 'ईयो' म्हणजे चालेल. 'वाकात्ता'चा शब्दशः अर्थ 'समजलं', पण रोख 'बरं, करतो' असा. 'र्‍योकाई' म्हणजे कळले, तसे करतो. मात्र साहेबाला तसे म्हणू नये, असे शिष्टाचाराची पुस्तके बजावतात. तरुण पोरे फोनवरच्या निरोपात त्याचे नुसते 'र्‍यो' करतात. आणि चहा हवा का विचारल्यावर कोणी 'दाइजोबु' म्हणाला, तर शब्दशः ते 'ठीक आहे', पण बहुधा अर्थ 'नको'!

जपानी माणूस सरळ 'नाही' म्हणत नाही, हा आरोप जुनाच. अकिओ मोरिता आणि शिंतारो इशिहारा यांनी १९८९ साली पुस्तक लिहिले, त्याचे नावच मुळी 'नाही म्हणू शकणारा जपान' अशा अर्थाचे. मलाही हा आरोप पटत असे. आता पटत नाही, आणि त्याला कारण मीच आहे.

१९९४ ची गोष्ट. मी शाखाधिकारी होतो. एक छोटा कारखानदार लेथ मशीनसाठी कर्ज मागायला आला. प्रकरण कच्चे होते. पण तोंडावर नाही म्हणणे जिवावर आले. ''बघतो, करू काहीतरी,'' म्हणालो. त्याने ते 'हो' समजून मशीनची आगाऊ रक्कम भरली. वरून कर्ज नामंजूर झाले, रक्कम बुडाली. तो भांडला नाही. एवढेच म्हणाला, ''साहेब, तुम्ही हो म्हणाला होतात.'' मी तसे म्हणालो नव्हतो, पण त्याला तसे ऐकू दिले होते.

जपानीतही 'कांगाएते ओकिमास', म्हणजे 'विचार करून ठेवतो', असा शब्दप्रयोग आहे. पण व्यवहारात तो कानी पडला की तिथला माणूस बहुधा समजतो, काम होणार नाही. तो आगाऊ रक्कम भरत नाही. संदिग्धता शब्दात नसते. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात समज एक नसेल तर ती उपजते. ही समज जपानी मुलाला सातव्या वर्षी येते. मला ती एका माणसाच्या पैशांनी आली. म्हणूनच नोकरीसाठी जपानी शिकणाऱ्या आपल्या मुलांनी लिपीइतक्याच निष्ठेने हे हुंकार शिकावेत, असे मला वाटते.

परवा नातवाचा फोन आला. ''आजोबा, डिसेंबरमध्ये याल ना?''

गुडघे दुखतात, तिकिटे महाग. मी सवयीने म्हणालो, ''उन.''

पलीकडून लगेच प्रश्न आला, ''आजोबा, 'उन' की 'ईयो'? नुसतं ऐकताय की येताय?''