रत्नागिरीची प्रार्थनास्थळे आणि त्यांचे उंबरठे



एका दिवसात एका शहरातील सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे पाहून यावयाची, ही प्रथा शाळांच्या सहलींत आणि प्रवाशांच्या कार्यक्रमांत आता रूढ होऊ लागली आहे. सकाळी देऊळ, दुपारी मशीद, संध्याकाळी चर्च. जमल्यास एखादा विहार. बरोबरचा वाटाड्या कळसाची उंची सांगतो, बांधकामाचे साल सांगतो आणि शेवटी ‘सर्व धर्म सारखेच’ असे सांगून मुलांना मोटारीत बसवतो. ह्या प्रथेला आमचा विरोध नाही. शेजाऱ्याच्या घरात कधीही न डोकावता त्याच्याविषयी भलतेसलते ऐकत मोठे होण्यापेक्षा त्याच्या दारात जाऊन येणे केव्हाही चांगले. परंतु अशा फेरीत कळस दाखविला जातो आणि उंबरठा दाखवावयाचा राहून जातो, ही आमची तक्रार आहे. हा उंबरठा कोणी ओलांडावा, कोणी ओलांडू नये, आणि ओलांडल्यावर माणसाच्या पदरात काय पडले व काय गेले, हे ज्याने विचारले नाही त्याने इमारत पाहिली. धर्म पाहिला नाही. रत्नागिरी शहर आणि त्याचा जिल्हा हे प्रश्न विचारण्यास फार सोयीचे आहेत, म्हणून आज वाचकांना आम्ही ह्याच वाटेने नेणार आहोत.

प्रथम पतितपावन मंदिर. १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी येथे अस्पृश्यतेविरुद्ध चळवळ केली, सहभोजने घडवून आणली, शाळांतून सर्व जातींची मुले एकत्र बसावीत म्हणून खटपट केली. जुन्या देवळांचे दरवाजे उघडत नाहीत असे दिसल्यावर सर्व जातींसाठी नवीनच देऊळ बांधण्याचे ठरले. भंडारी समाजातील धनिक भागोजीशेठ कीर ह्यांनी पैसा दिला, १९२९ मध्ये पायाभरणी झाली आणि २२ फेब्रुवारी १९३१ रोजी मंदिर खुले झाले. त्या काळच्या कोकणात ही गोष्ट सोपी नव्हती. तिचे जे श्रेय आहे ते द्यावयास आम्ही कचरत नाही. सावरकरांच्या राजकारणाशी आमचे कधी जमले नाही आणि जमणारही नाही. पण म्हणून इतिहासातील एक पान फाडून टाकणे हा आमचा धंदा नव्हे.

तथापि त्या मंदिराच्या दारावरील नावापाशी वाचकाने क्षणभर थांबावे. ‘पतितपावन’ म्हणजे पतितांना पावन करणारा. मग पतित कोण? ज्याने पाणवठ्यावर दुसऱ्याला पाणी भरू दिले नाही तो, की ज्याला भरू दिले नाही तो? ज्याच्या अंगी काहीच पाप नाही त्याला प्रथम पतित म्हणावयाचे आणि मग पावन करून घेतल्याबद्दल त्याच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करावयाची, ह्या व्यवहारात देणारा कोण आणि घेणारा कोण हे आधीच ठरून गेलेले असते. शब्द जुना आहे, संतांच्या तोंडचा आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. भक्ताने स्वतःस पतित म्हणणे ही त्याची नम्रता होय. दुसऱ्याने त्याला पतित म्हणणे ही नम्रता नव्हे.

हे मंदिर उघडले त्या वेळी नाशिकला काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे आमची माणसे सत्याग्रह करीत होती. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला तो लढा पुढे कित्येक वर्षे चालला आणि दार उघडले नाही. पुढे १९३३ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यावरील एका देवळाच्या उद्घाटनाचे निमंत्रण सावरकरांनी बाबासाहेबांना दिले. बाबासाहेब गेले नाहीत. आधी ठरलेल्या कामामुळे येता येत नाही असे त्यांनी कळविले, सावरकरांच्या सामाजिक कार्याची कदरही केली. पण गुणांवर आधारलेले का होईना, चातुर्वर्ण्याचीच भाषा तुम्ही अजून बोलता ह्याबद्दल खेदही नोंदविला. सभ्य माणसाने सभ्य माणसास लिहिलेले ते पत्र होते आणि दोघांमधील अंतर त्यात स्वच्छ दिसते. १९३४ साली भाऊराव गायकवाडांना लिहिताना बाबासाहेबांनी नाशिकच्या लढ्याचाही हेतू उघड करून सांगितला. मूर्तीच्या पूजेची आस म्हणून तो लढा नव्हता. दलितांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात चेतना यावी म्हणून होता. ज्याला दार पाहिजे होते त्याला ते मिळाले नाही, आणि जेव्हा मिळू लागले तेव्हा त्याने ते मागणेच सोडले होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्याने ते जाहीरही केले.

पतितपावन मंदिरातून निघून थिबा राजवाड्याकडे चलावे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा ह्यास इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात मंडालेहून पदच्युत करून नेले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. आज आपण पाहतो तो राजवाडा त्याच्यासाठी १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा येथेच मरण पावला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिच्या दर्शनास आले होते. राजाची थोरली कन्या, तिचा येथील एका मराठी नोकराशी जडलेला संबंध आणि मागे राहिलेली नात, ही कथा वाटाडे मोठ्या चवीने सांगतात. ती ऐकावी, पण तेवढ्यावर परतू नये.

तीस वर्षे ह्या गावात एक बौद्ध राजा राहत होता. बुद्धाची उपासना येथे रोज होत होती. त्याच वर्षांत, त्याच जिल्ह्यात, दापोलीस गोपाळबाबा वलंगकर हे सेवानिवृत्त सैनिक अस्पृश्यतेस शास्त्राधार कोठे आहे असे धर्ममार्तंडांस विचारीत होते. त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ १८८८ साली निघाले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते सुभेदार रामजी निवृत्त होऊन काही काळ दापोलीस येऊन राहिले. लहानगा भीमराव त्यांच्याबरोबर होता. बुद्ध रत्नागिरीत होता आणि बुद्धाची ज्यांना सर्वांत अधिक गरज होती ते लोकही रत्नागिरी जिल्ह्यात होते. मध्ये इंग्रजांचा पहारा होता, आणि त्याहून जुना असा जातीचा पहारा होता. भीमरावांच्या हाती बुद्धचरित्र पडले ते १९०७ साली, मॅट्रिक झाल्यावर, मुंबईस, केळुसकर गुरुजींकडून. पुढे १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले. ज्या देशाचा राजा आमच्या जिल्ह्यात बंदी म्हणून आला होता, त्या देशात आमच्या जिल्ह्याचा माणूस सन्माननीय पाहुणा म्हणून गेला. शाळेच्या मास्तरांनी हे राजवाड्याच्या पायऱ्यांवर मुलांस सांगावे. राजकन्येची कथा त्यापुढे फिकी वाटेल.

मशिदीच्या आणि चर्चच्या दारी आम्ही थोडक्यात थांबतो. कोकणी मुसलमान ह्या किनाऱ्यावर शतकानुशतके आहेत, आणि जवळच्या हातिस गावी पीर बाबरशेखच्या उरुसाला हिंदू-मुसलमान दोघेही जातात. नमाजाच्या ओळीत कोणी कोणाच्याही शेजारी उभा राहतो, ही मोठी गोष्ट आहे. परंतु लग्न जमविताना बिरादरी पाहिली जाते, हे आमच्या मुसलमान बंधूंना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तामिळनाडूत तर काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिली. उंबरठा ओलांडला म्हणून जात मागे राहिली असे होत नाही. ती पायांस चिकटून आत येते.

येथे कायद्याकडे वळणे प्राप्त आहे, कारण वाटाड्या तो कधीच सांगत नाही. मुंबई राज्यात १९४७ च्या आणि पुन्हा १९५६ च्या कायद्याने हिंदूंच्या सार्वजनिक देवळांची दारे सर्व जातींस खुली झाली. ह्याच कामासाठी घटनेच्या २५ व्या कलमात ‘हिंदू’ ह्या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध ह्यांचाही समावेश केलेला आहे. म्हणजे देवळात जाण्यापुरता बौद्ध हा हिंदू ठरला! आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तोच बौद्ध जेव्हा शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव जागा ह्यांच्यासाठी सरकारी कचेरीत गेला तेव्हा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाकडे बोट दाखवून त्यास सांगण्यात आले की, तू आता हिंदू नाहीस. जे दार त्याला नको होते ते उघडले आणि जे हवे होते ते बंद झाले. राज्यापुरत्या सवलती १९६० मध्ये महाराष्ट्र सरकारने दिल्या. केंद्राचा कायदा बदलावयास १९९० साल उजाडले. मधली चौतीस वर्षे म्हणजे एक सबंध पिढी. किती मुलांनी दाखल्यावर जुनी जात आणि मनात नवा धम्म, असे दुहेरी आयुष्य काढले असेल ह्याचा हिशेब कोणत्याही कचेरीत नाही.

शिखांना हा हक्क १९५६ मध्ये मिळाला, आम्हांस १९९० मध्ये. जो दलित चर्चमध्ये किंवा मशिदीत गेला त्याला १९९० च्या दुरुस्तीनेही तो दिला नाही. ह्या प्रश्नाच्या तपासासाठी २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन ह्यांचा आयोग नेमण्यात आला. आमचे भांडण मिटले म्हणून त्यांच्या भांडणाकडे पाठ फिरविणे आम्हांस शोभत नाही. आमच्यातही काही जण म्हणतात, वाटेकरी कशाला वाढवावयाचे? आम्ही त्यांस विचारतो, हेच वाक्य १९९० पूर्वी आपल्याविषयी कोण बोलत होते?

आता शहर सोडून दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीस जावे. कोटजाई नदीच्या काठी तेथे एकोणतीस लेणी आहेत. आरंभी हीनयान भिक्षूंनी ती कोरली. मग वज्रयानी आले व त्यांनी अक्षोभ्याच्या मूर्ती स्थापिल्या. शिलाहारांच्या काळात शैव व गाणपत्य आले, त्यामागून नाथपंथी. एकाच खडकात पाच पंथ. ह्याला कोणी समन्वय म्हणेल, कोणी अतिक्रमण म्हणेल. आम्ही एवढेच म्हणतो की, कोकणात बौद्ध धम्म १९५६ साली बाहेरून आणला असे जे समजतात त्यांनी एकदा ह्या लेण्यांत जाऊन बसावे.

आणि अखेरीस बौद्धवाडी. सहलीची मोटार येथवर येत नाही. कोकणातील गावात वाड्या जातवार. बौद्धवाडी बहुधा गावाच्या कडेला. मुंबईच्या गिरणीत आणि गोदीत राबलेल्या चाकरमान्यांनी पदरचे पैसे घालून तेथे विहार बांधले. कळस नाही, शिल्प नाही. एक खोली, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर. परंतु ह्या दारावर कोणालाही कधी ‘बाहेर उभा राहा’ असे सांगितलेले नाही. रत्नागिरीतील प्रार्थनास्थळांच्या यादीत ह्या खोलीचे नाव का नसावे?

ह्याबरोबर आमच्या मंडळींसही दोन शब्द ऐकवतो. कित्येक विहारांस १४ एप्रिल आणि वैशाख पौर्णिमा सोडल्यास कुलूप असते. शेजारच्या वाडीतील चर्मकार किंवा मातंग कुटुंब आत आलेले क्वचितच दिसते. त्यांस कोणी अडविले नाही हे खरे, पण कोणी बोलाविलेही नाही. तेव्हा गावोगावच्या बौद्धजन पंचायतीच्या शाखांनी ह्या वर्षावासात एक काम करावे. विहार रोज संध्याकाळी तासभर उघडा ठेवावा, तेथे मुलांचा अभ्यास घ्यावा, आणि तालुक्याच्या शाळेस रीतसर पत्र लिहून कळवावे की, आपली सहल पतितपावन मंदिर व थिबा राजवाडा पाहून निघाली की आमच्या वाडीत यावी. चहापाण्याची व्यवस्था आम्ही करू.