पंच्याऐंशी टक्के म्हणजे जर्मनीत किती?



सातपूरच्या मुलांना जर्मनी हा देश फार लांबचा वाटत नाही. येथला मायकोचा कारखाना २००८ पासून बॉश या मूळ जर्मन नावाने चालतो, तरी आपण चौकाला मायको सर्कलच म्हणतो! त्यामुळे "सर, बारावीनंतर जर्मनीत शिकता येईल का?" असे विद्यार्थी मला नेहमी विचारतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: "आमचे पंच्याऐंशी टक्के म्हणजे तिकडचे किती?" माझ्या मते पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे. दुसरा सोपा आहे, म्हणून तो आधी सोडवू.

जर्मनीत १.० हा सर्वोत्तम शेरा, तर ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्या वजाबाकीला कमाल व उत्तीर्णतेचे किमान गुण यांच्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. (१०० − ८५) ÷ (१०० − ३५) × ३ + १ = १.६९, म्हणजे सुमारे १.७. सेल्सिअसचे फॅरनहाइट करावे तसेच हे रेषीय रूपांतर आहे. मात्र तापमापक बदलला तरी भांड्यातले पाणी तेच असते. येथे पाणीच वेगळे आहे.

ते कसे, ते पाहा. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुले निरनिराळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. दहाव्या वर्षी मुलाचा मार्ग ठरवणे मला पटत नाही. यावर तिकडेही वाद आहेच. गिम्नाझियुम नावाच्या शाळेत बारा किंवा तेरा वर्षे शिकल्यावर 'आबिटूर' मिळते. त्यात शेवटच्या दोन वर्षांचे गुणही धरले जातात. आबिटूर ही केवळ शालान्त परीक्षा नव्हे. तिच्यामुळे विद्यापीठात शिकण्याचा हक्क मिळतो. आपल्याकडे बारावी उत्तीर्ण झाल्यावरही अभियांत्रिकीसाठी निराळी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते.

म्हणून आपली बारावी तेथे आबिटूरच्या बरोबरीची मानली जात नाही. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण झालेल्यास तांत्रिक विषयांना थेट अर्ज करता येतो. येथल्या मान्यताप्राप्त महाविद्यालयात पदवीचे पहिले वर्ष यशस्वीपणे पूर्ण केले, तर त्याच शाखेत जाता येते. एरवी 'श्टुडियनकोलेग' या पूर्वतयारीच्या वर्गात साधारण एक वर्ष शिकून अखेरची परीक्षा द्यावी लागते. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. त्यात वर्ष वाया जात नाही, आणि बेत फसला तरी येथली पदवी चालूच राहते.

आणखी एक गोष्ट आपल्या पालकांनी लक्षात घ्यावी. त्र्यंबक रस्त्यावरच्या आयटीआयकडे आपण 'गुण कमी पडलेल्यांची जागा' म्हणून पाहतो. जर्मनीत मुले कारखान्यात काम शिकता शिकता व्यवसायशाळेत जातात. हे शिक्षण बहुधा तीन ते साडेतीन वर्षांचे असते. पुढे 'माइस्टर' ही वरच्या दर्जाची परीक्षा दिलेल्या कारागिराला विद्यापीठाचे दार उघडावे, असे तेथल्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी २००९ मध्ये ठरवले. आबिटूर नसले तरी चालते! आपल्याकडेही आयटीआयनंतर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आणि तेथून अभियांत्रिकी पदवीला जाता येते, पण शाळेत हे सांगतो कोण?

तेव्हा अकरावीचे विषय निवडतानाच चौकशी करा. तिकडे एकूण टक्क्यांबरोबर बारावीला कोणते विषय घेतले होते तेही पाहतात; गणित सोडण्यापूर्वी 'आनाबीन' या जर्मन सरकारी माहितीकोशात भारताचे पान वाचा. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रे दिल्लीच्या एपीएस केंद्राकडून तपासूनही घ्यावी लागतात. आणि तेथल्या पहिल्या पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मन भाषेतच असतात. ती भाषा शिकायला दहावीनंतरची मोठी सुटी चांगली.