संस्कृतीचें रक्षण कीं न्यायाचें सोंग?

परकी मनुष्य देशांत आला कीं राष्ट्राची संस्कृति बुडाली, ही ओरड हल्लीं पुष्कळ देशांत ऐकूं येते. तींत तथ्य किती, हें ऑस्ट्रेलियाच्या अनुभवावरून पाहावें. १९०१ सालीं तेथील सरकारनें आगंतुकांकडून पन्नास शब्दांचा उतारा लिहवून घेण्याचा कायदा केला. भाषा कोणती, हें अधिकाऱ्याच्या मर्जीवर! कायद्यांत वर्णाचा उल्लेख नव्हता. हेतु मात्र गोऱ्यांखेरीज इतरांस बाहेर ठेवण्याचाच होता. पुढें १९३४ सालीं युद्धविरोधी परिषदेसाठीं आलेल्या एगॉन किश या बहुभाषी युरोपियन लेखकास अडविण्याकरितां स्कॉटिश गेलिक भाषेंत परीक्षा घेण्यांत आली. परवर्णीयांसाठीं परजलेलें हत्यार अखेर विरुद्ध मताच्या गोऱ्या मनुष्यावरही चाललें.

१९५८ च्या कायद्यानें ही परीक्षा गेली. १९७३ सालीं व्हिटलम सरकारनें वर्णाचा निकषही काढला. २०२१ च्या खानेसुमारींत शेंकडा २७ हून अधिक लोक परदेशीं जन्मलेले आढळले. तरी राज्यकारभार इंग्रजींतच चालतो, पार्लमेंट जागेवर आहे आणि क्रिकेटचें वेडही ओसरलेलें नाहीं.

किती लोक घ्यावे हें ठरविण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्रास आहे. घरें, मजुरी व शाळा यांचा विचार त्यास केलाच पाहिजे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, निवड करतांना मनुष्याची लायकी व वर्तणूक पाहावी, कातडी पाहूं नये. आमचे व्यापारी वाचक जाणतातच कीं, वजनमाप सर्वांस एक असेल तरच पेठेची पत राहते. राष्ट्राचेंही तसेंच आहे.