काळी माती सगळेच धरून ठेवत नाही

पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायती विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात. ते करायलाच हवे. त्याने जंतू मरतात. पण पाण्यात विरघळलेले नायट्रेट तसेच राहते. त्याला रंग नाही, वास नाही.

आपल्या परभणी जिल्ह्यातील काळी माती बेसाल्ट खडक झिजून बनली आहे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांवर ऋणभार असतो. म्हणून अमोनियम, शिसे असे धनभारित घटक तिला चिकटून राहतात. नायट्रेटवर मात्र ऋणभारच असल्याने माती त्याला धरत नाही. पिकाने न उचललेल्या युरियाचे आणि उकिरडा, शोषखड्डा यांतील घाणीचे जीवाणू नायट्रेट करतात व ते पाण्याबरोबर खाली उतरते. शिवाय उन्हाळ्यात काळ्या रानाला खोल भेगा पडतात. पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी त्यांतून झटकन मुरुमात, तिथून खडकाच्या फटींत आणि विहिरीत पोहोचते. मातीतून पाणी गाळून येते, हा भरवसा इथे अपुरा ठरतो.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील ४४० जिल्ह्यांच्या भूजलात ती ओलांडलेली आढळली. नांदेड आणि बीड हे आपले शेजारी त्यांत आहेत.

सर्वाधिक धोका सहा महिन्यांच्या आतील, वरच्या दुधावरील बाळाला असतो. नायट्रेटचे नायट्राइट होते, ते हिमोग्लोबिनमधील लोहाचे रूप बदलते आणि रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. ओठ, नखे निळसर दिसू लागली, तर बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावे. पाणी उकळून उपयोग नाही. आटल्यामुळे नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध, हाच सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. ते शक्य नसेल, तर तपासलेल्या स्रोताचेच पाणी वापरावे.

जलजीवन मिशनच्या तपासणी संचात नायट्रेटची चाचणी असते. ती पावसाळ्यापूर्वी आणि नंतर व्हावी. निकाल कपाटात न ठेवता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. आशाताई आणि अंगणवाडीताईंना तो आधी कळावा. युरिया एकदम न टाकता हप्त्याने द्यावा, उकिरडा विहिरीपासून दूर हलवावा. पाण्यात उतरलेले नायट्रेट काढणे महागात पडते. उतरू न देणे गावाच्या हातात आहे.