वाघ म्हणजे कोणता वाघ? एआयच्या साधनांची परीक्षा आपणच घ्यायला हवी

आरे कॉलनीतल्या एखाद्या पाड्यावरचं मूल "आमच्याकडे वाघ येतो का?" असं विचारतं, तेव्हा त्याच्या मनात बहुतेक बिबट्या असतो. वारली वस्त्यांत वाघोबा पूजला जातो आणि त्या वाघोबात पट्टेरी वाघ आणि बिबट्या दोघंही येतात. आता हाच प्रश्न त्याने मोबाइलवरच्या एआय सहायकाला विचारला तर? सहायक 'वाघ' म्हणजे पट्टेरी वाघ धरेल, आरेत तो मोकळा फिरत नाही असं त्याला दिसेल आणि "नाही, काळजी नसावी" असं सांगून तो मोकळा होईल. २०२२ च्या दिवाळीत आरेत बिबट्याच्या हल्ल्यात सोळा महिन्यांची मुलगी गेली. तिथे असं उत्तर परवडणारं नाही.

प्रकल्पासाठी मुलं सर्रास एआय वापरू लागली आहेत, म्हणून पालकांसाठी थोडं समजावून सांगते. एपीआय म्हणजे एका संगणक-प्रणालीने दुसऱ्या प्रणालीला माहिती विचारायची खिडकी. पूर्वी कोणत्या खिडकीवर जायचं हे प्रोग्रामर ठरवायचा. आताचा एआय एजंट ते स्वतः ठरवतो. प्रत्येक साधनाचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि काय काय विचारता येतं त्याची यादी, एवढं वाचून तो निघतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने आणलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मध्येही साधनाची ओळख अशीच करून दिलेली असते. आपण ऑफिसात गेलो आणि पाटी कळली नाही तर शिपायाला विचारतो. एजंटला शिपाई नाही, फक्त पाटी आहे. पाटीवर नसलेलं तो अंदाजाने भरतो, आणि तेही ठाम आवाजात.

निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्टचंच उदाहरण घ्या. त्याचा एपीआय खुला आहे आणि परिसर अभ्यासाला फार उपयोगी आहे. धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा शिकाऱ्यांना कळू नये म्हणून ती तिथे मुद्दाम झाकतात, आणि ते योग्यच आहे. खऱ्या जागेऐवजी अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेतरी ठिपका टाकला जातो. आपल्याकडे हा चौकोन साधारण २२ किलोमीटर लांब आणि २१ रुंद होतो. म्हणजे ४६० चौरस किलोमीटर! आरे जेमतेम १३. आरेतल्या बिबट्याचा ठिपका जुहूला किंवा मुलुंडलाही पडू शकतो, आणि दुसरीकडच्या बिबट्याचा आरेतल्या एखाद्या शाळेच्या दारात. उत्तरात 'जागा झाकलेली आहे' अशी खूण येते खरी, पण त्या खुणेचा अर्थ साधनाच्या वर्णनात लिहिलेला नसेल तर एजंट ठिपक्यालाच पत्ता समजेल.

दुसरं म्हणजे, हा एपीआय वेगळं काही सांगितलं नाही तर एका वेळी ३० नोंदी देतो, जास्तीत जास्त २००. एकूण किती आहेत ते वेगळ्या रकान्यात असतं. "आरेत फुलपाखरांच्या किती नोंदी आहेत?" याला "तीस" हे उत्तर आलं तर कुठे पाणी मुरतंय ते ओळखा.

म्हणून माझं मत असं, की साधनाच्या वर्णनात ते काय करतं यापेक्षा काय करत नाही हे आधी लिहावं. 'झाकलेल्या जागेवरून अंतर काढू नका.' 'नोंद नाही म्हणजे प्राणी नाही असं नव्हे.' 'मराठीत वाघ म्हटलं तर बिबट्याही तपासा, किंवा विचारणाऱ्यालाच विचारा.' बहुतेक वर्णनं जाहिरातीसारखी असतात: "जैवविविधतेची सर्व माहिती मिळवा." सर्व!

हे इंजिनिअरांचं काम आहे, शिक्षकांनी कशाला डोकं घालावं, असं काही सहकारी म्हणतात. मला हे पटत नाही. वर्णन लिहिणाऱ्याला आरेतला वाघ कोणता हे ठाऊक नसतं. आणि परीक्षा घेणं तर आपलाच धंदा आहे. उत्तर आधीपासून ठाऊक आहे असे वीस-पंचवीस प्रश्न काढायचे, शेजारी आदर्श उत्तर लिहायचं आणि साधन शाळेत येण्यापूर्वी ते सोडवून घ्यायचे. एकच प्रश्न चार तऱ्हांनी विचारायचा: बिबट्या, बिबळ्या, वाघ, आरेत, आरे कॉलनीत, गोरेगाव पूर्वेला. एकदा बरोबर आलं म्हणून सोडायचं नाही, पाच वेळा विचारायचं. गणितात रीतीला गुण देतो तसे इथेही द्यायचे. योग्य खिडकी निवडली का, स्थळ बरोबर घातलं का, आणि जे मिळालं नाही ते 'मिळालं नाही' असं सांगितलं का. उत्तर योगायोगाने जुळलं पण रीत चुकली, तर गुण कापायचे.

प्रश्न काढायला पाड्यांवरची मुलं आणि त्यांचे आजी-आजोबा यांना जरूर बसवा. पावसाळ्यात कुठली रानभाजी कुठे उगवते, वाघोबाचं ठाणं कुठे आहे, संध्याकाळी कुठल्या वाटेने एकट्याने जायचं नाही, हे त्यांना कुठल्याही साठ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यातल्या किती गोष्टी साठ्यात जाऊ द्यायच्या, हेही त्यांनाच ठरवू द्या. वाटांची आणि ठाण्यांची ठिकाणं निदान आमच्या प्रश्नसंचात तरी लिहिलेली नसतील. तिथे आदर्श उत्तर एकच: "हे मला माहीत नाही, पाड्यावरच्या मोठ्या माणसांना विचार."